कोर्ट अजून उठलेलं नाही

तीर्थरूप नाना,

उद्या सकाळी धारच्या कोर्टात माझी साक्ष आहे आणि मला भयंकर भीती वाटतेय. ही भीती सांगायला दुसरं कुणी नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, "मग नको जाऊस." नेमकं तेच मला ऐकायचं नव्हतं ना!

साक्ष खरं तर तुमची होती. समोरच्या सुमनच्या वकिलांनी पहिलं नाव तुमचं दिलं होतं. तुम्ही काळा कोट इस्त्रीला टाकलात, चष्म्याची दांडी बदलून आणलीत, आणि तारीख यायच्या आधीच एका दुपारी मी चहाला उठवायला आले तर उठलाच नाहीत. नाना, जन्मभर तुम्ही लोकांना दटावत आलात, तारखेला गैरहजर राहायचं नाही म्हणून. आणि स्वतःच्या तारखेला असे? रागावू नका, पण मी अजून थोडी रागावलेलीच आहे.

वकील म्हणाले, "मालूताई, आता तुम्हीच. त्या दिवशी तिथे असलेलं आणि बोलायला तयार असलेलं दुसरं कुणी मला मिळत नाही." असलेली तर आमची निम्मी कॉलनी होती! पण आता विचारलं की प्रत्येकाला काही ना काही काम असतं. शेजारच्या वहिनी तर म्हणाल्या, "अगं, मला कुठे ऐकू आलं? मी पार मागे बसले होते." मागे कसल्या, माझ्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या.

त्यांना तरी काय बोलू? परवा टेकडीखालच्या बाजारात सुमनच्या नवऱ्याचा, अरविंदचा, मोठा भाऊ मला भेटला. माझ्या हातातली भाजीची पिशवी घेतली. "लाओ भाभी, भारी है." टेंपोपर्यंत सोबत आला. सगळं हसत हसत. "टीवी के ड्रामे के पीछे आप कायको परेशान हो रहे हो? आपके यहाँ भिया की नौकरी बढ़िया चल रही है. बच्ची भी अकेली स्कूल जाती है, समझदार हो गई है." मग पिशवी अलगद माझ्या पायाशी ठेवली आणि हात जोडून गेला. एक शब्द वावगा बोलला नाही हो! पण तेव्हापासून मीनूला शाळेत मीच सोडते, आणि घरात असले की दाराची कडी लावलीय ना, हे पुन्हा पुन्हा बघते.

म्हणून आज ठरवलं, सगळं पहिल्यापासून तुम्हाला लिहून काढायचं. तुम्हाला ठाऊक आहे, तरी ऐका. उद्या तिथे असंच सांगायचंय. रंगीत तालीमच समजा.

*

मुंबईहून ती टीव्हीची मंडळी देवासला आली तेव्हा तुम्ही माझ्याकडेच होतात. कोर्टाच्या मालिकेतले काही भाग त्यांना लहान गावात काढायचे होते. आमच्या कारखान्याच्या मागचं रिकामं गोदाम त्यांना मिळालं, आणि कॉलनीत नुसती धमाल उडाली. गणपतीतल्या नाटकात कामं करणाऱ्यांना त्यांनी बोलावलं. सुमनला तर बघताक्षणी घेतलं. समोरच्या क्वार्टरमधली आमची सुमन, बोलायला एवढीशी, पण स्टेजवर उभी राहिली की वेगळीच! सासूने चक्क परवानगी दिली. सून टीव्हीवर दिसणार म्हणून पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

आणि तुम्ही! धारच्या कोर्टातले रिटायर पेशकार घरात आहेत, हे कुणीतरी डायरेक्टरला सांगितलं. तुम्हाला त्यांनी पेशकाराचंच काम दिलं. जजसाहेबांच्या खाली टेबलाशी बसायचं, पुकारा करायचा, शपथ द्यायची. तुम्ही इतके खूश झालात की दाढी दोनदा केलीत.

पण आत पाऊल टाकलंत आणि तुमचा चेहरा उतरला. कोर्टाला तीनच भिंती, त्याही प्लायवूडच्या. खिडकीबाहेर ऊन म्हणून बटर पेपरच्या मागे दिवे. टेबलावरच्या मिसलींच्या फायलींमध्ये जुनी वर्तमानपत्रं कोंबलेली. साक्षीदाराचा कठडा मागून उघडा, कॅमेरा आत शिरावा म्हणून. दोन्ही वकिलांना मिळून अंगाला बसेल असा काळा कोट एकच, म्हणून एकाचे सगळे प्रश्न आधी काढायचे आणि मग कोट उतरवून दुसऱ्याला द्यायचा. जजसाहेब म्हणजे इंदूरचे कुणी कॉलेजातले रिटायर गृहस्थ, आवाज काय भारदस्त! पण निकाल त्यांचा नव्हता, तो मुंबईहून लिहून आलेला. एक पोरगेला असिस्टंट मोठ्या पुठ्ठ्यावर तो लिहून कॅमेऱ्याशेजारी धरायचा आणि जजसाहेब गंभीरपणे वाचायचे.

तुम्ही डायरेक्टरला म्हणालात, "साहब, ये हथौड़ा हटा दीजिए. तीस साल में मैंने धार कोर्ट में हथौड़ा नहीं देखा."

तो म्हणाला, "दादाजी, पब्लिक को हथौड़ा चाहिए."

गीतेचंही तेच. लाल कापडातली गीता बघून तुम्ही म्हणालात की आमच्याकडे कठड्यात गीता आणत नाहीत, नुसती तोंडी शपथ असते. तिथे मात्र तुम्ही हटून बसलात. हातोडा राहिला, गीता गेली. मला तेव्हा वाटलं, कशाला उगाच वाद घालताय? नाटकच आहे ना!

आता सकाळचं सांगते. नाना, उद्या मला हेच नीट सांगायचंय.

केस उभी राहायच्याही आधी, आम्हा प्रेक्षकांचे चेहरे काढले. आम्हाला बाकांवर बसवलं, जागा ठरवून दिल्या आणि बजावलं की दिवसभर कुणी जागा बदलायची नाही, नाहीतर चित्र जुळत नाही. मग कॅमेरा एकेकासमोर आला. समोर कठडा रिकामा, जजची खुर्ची रिकामी. असिस्टंट सांगायचा आणि आम्ही करायचं. "अब चौंकिए. अब बगलवाले से कुछ कहिए. अब गुस्सा." मला तर हसूच आवरेना. मग तो म्हणाला, "अब कोई रोएगा? रूमाल निकालकर?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अरविंदने हात वर केला.

आणि काय रडला हो तो! गोदामात सकाळचा गारठा होता, गळ्यात त्याने मरून मफलर गुंडाळलेला. खाली बघितलं, वर बघितलं, डोळे भरून आले, रुमालाने टिपले. डायरेक्टरने पाठ थोपटली. "भिया, आप तो मुंबई चलो." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुमन तेव्हा मागे साडी नेसत होती. मग पुरी-भाजी आणि चहा आला.

*

तुमची शपथ मी लहानपणापासून ऐकत आले. शाळा सुटली की तुमचा डबा घेऊन मी कोर्टात यायची. दाराशी उभी राहून बघायची. खेड्यातली माणसं कठड्यात चढली की थरथरायची. तुम्ही आधी नाव विचारायचात, नवऱ्याचं नाहीतर बापाचं नाव, मग साकिन, म्हणजे राहायचं गाव. मग हळूच म्हणायचात, "पाँव जमाके खड़े रहो. जल्दी नहीं है." माणूस मान वर करून तुमच्याकडे बघेपर्यंत थांबायचात, आणि मगच शपथ. घरी आल्यावर आई म्हणायची, "काय हो, सगळे खरं बोलतात का तुमची शपथ घेऊन?" तुम्ही म्हणायचात, "खोटं बोलणारे बोलतात. पण खरं बोलायचं असतं आणि धीर होत नसतो ना, त्यांच्यासाठी आहे ती."

त्या दिवशी सुमन कठड्यात आली. गोष्टीत तिचं नाव कमला. कमलाने शेजारणीच्या नादी लागून सासरच्यांवर आळ घेतलेला, आणि आता उलटतपासणीत कबूल करायचं, "जज साहब, मुझसे भूल हुई. ससुराल में मुझे कोई तकलीफ़ नहीं." मग समेट, मिठाई, हातोडा. तालमीत सुमनने हे इतकं गोड म्हटलं होतं की सासूचेही डोळे ओले झाले होते. तालमीत शपथ मात्र कुणी घेतली नव्हती. डायरेक्टर म्हणायचा, "वो तो दादाजी कर लेंगे."

दिवे लागले, पंखे बंद झाले, सगळे गप्प. आणि दादाजींनी केली की! तुमच्यासमोर कठडा, कठड्यात घाबरलेली बाई. तुमचा हात टेबलावर गेला आणि जन्माची सवय तोंडातून बाहेर पडली. "नाम?"

कागदावर हा प्रश्नच नव्हता. सुमन क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "सुमन."

"पति का नाम?"

"अरविंद."

"साकिन?"

"देवास."

तुम्ही म्हणालात, "पाँव जमाके खड़ी रहो. जल्दी नहीं है." आणि थांबलात. ती मान वर करीपर्यंत थांबलात. मग शपथ दिलीत. ईश्वराची शपथ घेऊन खरं सांगेन, खऱ्याखेरीज काही सांगणार नाही. एकेक तुकडा तुमच्यामागून तिने म्हटला.

वकिलाने प्रश्न टाकला. सुमनने तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. मला वाटलं, विसरली. मग ती बोलायला लागली, हिंदीतच, हळू. "मेरी सास मुझे रसोई में बंद करके बाहर से कुंडी लगाती है. पिछले हफ़्ते मेरे पल्लू पर घासलेट डाला. मेरे पति माचिस लेके सामने खड़े थे. बोले, आज नहीं जलाता. अगली बार जलाऊँगा."

नाना, माझ्या अंगावर आत्ताही काटा आला बघा. समोरच्या क्वार्टरमध्ये! माझ्या दारासमोर! पदराला घासलेटचा वास येतोय म्हणून मी तिला विचारलंही होतं, तर स्टोव्ह भरताना सांडलं म्हणाली होती.

आणि डायरेक्टर? तो पुढे सरकून ऐकत होता, खूश होऊन. वकिलाचं काम करणारा गडबडला तर त्याने हातानेच खूण केली, चालू ठेव. सुमनचं बोलून संपलं, "कट" झालं आणि सगळं गोदाम टाळ्यांनी दणाणलं. "क्या एक्टिंग है! लिखे से अच्छा!" आम्हीही वाजवल्या टाळ्या. माझे हात आपोआप उठले होते. शेजारच्या रांगेत अरविंदही वाजवत होता. सगळ्यांचं थांबलं तरी त्याचं चालू होतं, आणि बघत होता फक्त तिच्याकडे. सुमनने कठड्याची दांडी घट्ट धरली होती. तिला कळलं होतं आपण काय करून बसलो ते, आणि संध्याकाळी कुठे परत जायचंय तेही.

तुम्ही तेवढे टाळ्या वाजवत नव्हतात.

*

मग डायरेक्टर म्हणाला, बाकी सोनं झालंय, पण नाव चुकलं, कमला पाहिजे. तेवढी शपथ परत काढू आणि पॅक-अप.

शपथ परत सुरू झाली. आणि नाना, तुम्ही ती विसरलात. मध्येच अडकलात. परत केली, परत अडकलात. मग "सच" म्हणायच्या जागी ठसका. मग चष्मा पडला. मग "कमला" म्हणायच्या जागी "विमला". लोक हसायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "दादाजी का रिकॉर्ड अटक गया." जी शपथ तुम्ही झोपेतसुद्धा म्हटली असतीत ती तुम्हाला येईना! वाटलं, झटका आला तुम्हाला, जीभ जड झाली. पाणी घेऊन धावत तुमच्या टेबलाशी आले.

तुम्ही पेल्याआड तोंड नेऊन म्हणालात, "मालू, मला काही झालेलं नाही. सुमनच्या वसंताला फोन लाव. म्हणावं गाडी घेऊन ये, बहिणीला घेऊन जा. तो येईपर्यंत मी कोर्ट उठू देत नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शपथ पुरी होत नाही तोवर पॅक-अप नाही. पॅक-अप नाही तोवर कुणी बाक सोडायचा नाही. अरविंद त्याच्या जागी खिळलेला, सुमन कठड्यात, आणि मध्ये तुम्ही.

मी कारखान्याच्या गेटवर जाऊन धारला ट्रंक कॉल लावला. वसंताच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, "वो तो सरदारपुर गए हैं, दौरे पे." मला रडूच फुटलं. "भिया, उनकी बहन की जान का सवाल है," एवढंच म्हणाले. तो भला माणूस म्हणाला, "रोओ मत बेन, मैं सरदारपुर लगाता हूँ." लागेल की नाही, वसंता भेटेल की नाही, काहीच कळायला मार्ग नव्हता. परत आले, तुमच्याकडे बघून नुसती मान हलवली, आणि तुम्ही पुन्हा अडखळायला सुरुवात केलीत.

दुपार कलली. दिव्यांच्या उष्म्याने सगळे घामाघूम. अरविंदने मफलर केव्हाच काढून मांडीखाली ठेवला होता. डायरेक्टरचा तोल सुटला. "बुड्ढे को किसने लिया? तीस साल कोर्ट में क्या झाड़ू लगाते थे?" सगळ्यांसमोर. लोकांनी मान खाली घातली. तुम्ही हात जोडून म्हणालात, "माफ़ करना साहब, उमर हो गई. एक बार और." तुमचा तो आवाज! ज्या जिभेचा तुम्हाला एवढा अभिमान, तिची अशी शोभा करून घेत होतात. अरविंद एकदा उठायला लागला तर असिस्टंटच त्याच्यावर खेकसला, "बैठिए, कंटिन्यूटी बिगड़ेगी!" मी मनात म्हटलं, जुग जुग जग रे बाबा.

बाहेर जीपचा आवाज आला आणि दारात वसंता दिसला. धुळीने माखलेला. तुम्ही त्याला बघितलंत, चष्मा नीट केलात आणि एका दमात, स्पष्ट, सबंध शपथ दिलीत. डायरेक्टर कपाळाला हात लावून बसला.

"पॅक-अप" हा शब्द उच्चारला गेला तेव्हा सुमनचा हात तुमच्या हातात होता. अरविंद लोकांतून वाट काढत येईपर्यंत तुम्ही दोघं जीपपाशी पोचला होतात. तो म्हणाला, "सुमन, घरी चल." सगळ्यांसमोर, अगदी मऊ आवाजात. तुम्ही म्हणालात, "आईला बरं नाही तिच्या. जाऊन येऊ द्या." जीप गेली तशी तो माझ्याकडे वळला आणि हसला. ते हसू मला अजून दिसतं, नाना.

वसंता पोलिसात गेला. हवालदाराने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ये बात उसने टीवी के नाटक में बोली थी ना?" संपलं!

*

आपल्याला वाटलं होतं, एकदा तो भाग टीव्हीवर लागला की सगळ्यांना कळेल. मी तर नवस बोलले होते. लागला त्या संध्याकाळी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सुमन बोलली, सगळं बोलली, एक शब्द कापला नव्हता. आणि तिच्या "अगली बार जलाऊँगा" च्या नंतर पडद्यावर काय आलं? अरविंद. मोठ्ठा चेहरा. खाली बघतो, वर बघतो, डोळे भरून येतात, रुमालाने टिपतो. पाठोपाठ जजसाहेबांनी पुठ्ठ्यावरचा समेट वाचला आणि हातोडा वाजला.

खोलीतल्या बायका डोळे पुसत होत्या. "बाई बाई, किती हळवा माणूस! आणि ही बघा, घर सोडून बसलीय." मी ओरडले, "अहो, ते सकाळचं आहे! तुम्ही होता ना तिथे!" होत्या त्याही पडद्याकडेच बघत राहिल्या. टीव्हीवर दिसलं म्हणजे तसंच असणार, नाही का? तिने खरं सांगितलं ते नाटक ठरलं, आणि ह्याने नाटक केलं ते खरं ठरलं. मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं की ही बाई आता वाचत नाही.

आठवड्याच्या आत अरविंद चार वडीलधारी माणसं घेऊन धारला गेला. तुम्ही मला म्हणालात, "चल, उशीर नको." आपण पोचलो तर सुमनच्या आईने, काकूंनी, तिची ट्रंक भरायला घेतली होती! वसंता खिडकीशी पाठमोरा उभा. काकू म्हणाल्या, "नाना, रडला हो तो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुरुषमाणूस असा रडतो का उगाच?" सुमन कोपऱ्यात बसली होती. रडत नव्हती, काही नाही. ती नुसती बघत होती ट्रंकेकडे.

तुम्ही जोडे काढलेत आणि खोलीच्या मधोमध उभे राहिलात. पाय रोवून. आपलं नाव सांगितलंत, वडिलांचं नाव सांगितलंत, साकिन धार. आणि स्वतःच स्वतःला शपथ दिलीत. जन्मभर दुसऱ्यांना दिलीत, घ्यायची वेळ तुमच्यावर पहिल्यांदाच आली होती. म्हणालात, "तो रडला तेव्हा समोर कठडा रिकामा होता. थंडी होती, त्याच्या गळ्यात मफलर होता. तुमची मुलगी बोलली तेव्हा मफलर मांडीखाली होता आणि तो टाळ्या वाजवत होता. हे मी शपथेवर सांगतो."

ते चौघे पाहुणे उठले. अरविंद म्हणाला, "ये क्या नौटंकी है?" तुमच्या अंगावर धावून येईल असं वाटलं आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा काकू ट्रंकेतून एकेक साडी बाहेर काढत होत्या.

*

म्हणून आता हा दावा. बायकोने नांदायला यावं, असा हुकूम त्याने कोर्टाकडे मागितलाय. टीव्हीवर ती जे बोलली ते नाटकातलं होतं, असं त्याने अर्जात लिहिलंय. आणि स्वतःचं प्रेम दाखवायला त्याने काय जोडलंय, सांगू? त्याच भागाची कॅसेट, कुणाकडून तरी व्हीसीआरवर भरून घेतलेली. मुंबईच्या त्या लोकांना वकिलांनी दोनदा पत्र पाठवलं, उत्तर नाही. त्यांचं काय, त्यांचं कोर्ट त्याच दिवशी सुतळीने बांधून ट्रकमध्ये गेलं!

जजसाहेब उद्या कॅसेट बघतील आणि मग माझ्याकडे बघतील. मी काय, एक शेजारीण. माझी जीभ टाळ्याला चिकटली तर? त्याचा वकील म्हणाला, बाई, टाळ्या तर तुम्हीही वाजवल्या होत्या, तर? मागच्या बाकावर त्याचा भाऊ बसलेला असेल, हसत. हरलो तर सुमनची ट्रंक परत भरायला घेतील लोक. आणि या वेळी त्या घरातून तिचा निरोपसुद्धा यायचा नाही.

आज दुपारी ह्यांनी मला देवासच्या स्टँडवर सोडलं. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "मीनूला मी नेईन शाळेत. तू नीट बोल." एवढंच. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं हो, त्या बाजारातलंसुद्धा! मी उगाच लपवत होते.

आत्ता वसंताकडे बसून लिहितेय. दिवेलागण झालीय. सुमन आत पोळ्या करतेय. तिला स्टोव्ह पेटवता येत नाही अजून, हात थरथरतो, काकू पेटवून देतात. मघाशी तिने येऊन विचारलं, "मालूताई, नाना असते तर काय म्हणाले असते?" मी म्हटलं, "घाई नाही, असं म्हणाले असते." तर हसली. किती दिवसांनी!

नाना, उद्या तुमच्या खुर्चीत तुमच्याच हाताखाली शिकलेला पेशकार असेल. तो नाव विचारेल, मी सांगेन. मग विचारेल, पति या पिता का नाम? बायका नवऱ्याचं सांगतात. ह्यांना विचारून ठेवलंय मी, मी वडिलांचं सांगणार आहे. ज्या कोर्टात तीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांची नावं पुकारलीत, तिथे उद्या तुमचं नाव मी मोठ्याने घेईन, म्हणजे तारखेला तुम्ही गैरहजर होतात असं कुणाला म्हणता येणार नाही. मग पाय रोवून उभी राहीन. मफलरचं सांगेन, रिकाम्या कठड्याचं सांगेन, आणि टाळ्या मीही वाजवल्या हे कुणी विचारायच्या आधी मीच सांगेन. भीती वाटणारच. पण सुमनकडे बघेन आणि सगळं सांगून होईपर्यंत मी कठड्यातून खाली उतरणार नाही.

तुमची,
मालू